संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी



परवा दिवेलागणीची वेळ होती. मी कणीक भिजवत होते. तेवढ्यात शेजारची सून मुलाच्या दप्तरातून काढलेला एक कागद घेऊन मागच्या दारानं आली. "काकू, सही कुठं करायची तेवढं दाखवा. उद्या शाळेत द्यायचाय." मी म्हटलं, "कशाचा कागद आहे?" तर म्हणते, "काय की बाई! संमतीपत्र म्हणत होता. शाळेचाच आहे, त्यात काय वाचायचं?"

तो कागद होता मुलाच्या अपार ओळखक्रमांकाचा. तशी वाईट गोष्ट काही नव्हे. पण "त्यात काय वाचायचं" हे शब्द ऐकले आणि माझे कणकेचे हात तसेच थांबले. हेच शब्द चार वर्षांपूर्वी आमच्या घरात मी ऐकले होते, आणि त्यापायी आमच्या घरातलं एक लेकरू शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं होतं. आज तीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. मास्कची गोष्ट म्हणा, नाही तर आईच्या सहीची म्हणा.

करोनाचे ते दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी आणि जानेवारी २०२१ च्या शेवटी पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले न झाले तोच दुसरी लाट आली आणि पुन्हा दारं मिटली. मग १५ जुलै २०२१ पासून, ज्या गावात रोग नाही तिथं आठवी ते बारावी. ४ ऑक्टोबर २०२१ पासून खेड्यात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून. आणि सगळ्यांत शेवटी, १ डिसेंबर २०२१ पासून पहिली-दुसरीची लेकरं. म्हणजे पहिलीत नाव घातलेलं मूल वर्ग कसा असतो हे पाहायच्या आधीच दुसरीत गेलेलं होतं. मोबाईलवरचा अभ्यास ज्यांच्या घरी दोन मोबाईल त्यांच्यासाठी. आमच्या मंठ्यात आणि आसपासच्या खेड्यांत ज्या घरचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्या घरच्या मुलांचा काय अभ्यास झाला असेल ते सांगायला नको.

म्हणून शाळा उघडल्या तेव्हा सगळ्या आयांना आनंदच झाला. त्या वेळी सरकारनं दोन गोष्टी ठरवून दिल्या होत्या. एक, शाळेत येणाऱ्यानं मास्क लावलाच पाहिजे. आणि दोन, मुलाला शाळेत पाठवायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं. त्यांची लेखी संमती असेल तरच मूल वर्गात बसणार, आणि नाही पाठवलं तर हजेरीची सक्ती नाही. दोन्ही गोष्टी एकाच दप्तरातून घरी आल्या. पहिली आपण सगळ्यांनी लक्षात ठेवली. दुसरी किती जणींनी ठेवली?

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. त्याला लहानपणापासून दम्याचा त्रास. थंडी पडली, कुठं धुरळा उडाला की छाती भरते. संमतीपत्र आलं त्या दिवशी घरात पापडांचा घाट घातलेला होता. जावेनं लाटणं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि सही केली. मी विचारलं, "वाचलंस का गं?" ती म्हणाली, "शाळेचाच कागद, त्यात काय वाचायचं?" मीही पुढे काही बोलले नाही. पापड वाळायचे होते.

शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. एके दिवशी पोरगं घरी आलं ते दप्तर कोपऱ्यात टाकून गप्प बसलं. जेवेना. संध्याकाळी आजीजवळ रडत रडत सांगितलं, की मास्क नाकाखाली आला म्हणून बाईंनी त्याला अर्धा तास व्हरांड्यात उभं केलं. येणारीजाणारी मुलं हसली. "मी मुद्दाम नाही केलं, मला धाप लागली होती," एवढंच परत परत म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागलं.

घरात दोन पक्ष पडले. दीर म्हणाले, "आत्ता जातो आणि त्या बाईंना विचारतोच." सासूबाई म्हणाल्या, "शाळेशी वाकडं घेऊ नये. लेकरू त्यांच्या हातात आहे. दोन महिने घरीच राहू दे." आणि जाऊ बिचारी मधल्या मध्ये. तुम्हांला सांगते, घरोघरी असंच होतं. पुरुष भांडायला निघतात, म्हाताऱ्या माणसांना गप्प बसण्यात शहाणपण वाटतं, आणि ज्या आईनं सही केलेली असते तिला कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, आधी तो कागद काढा. त्याची प्रत घरी होती. वाचला, आणि जावेचा चेहरा उतरला. त्या कागदावर खालच्या बाजूला एक ओळ होती : मुलाला काही आजार असल्यास येथे लिहावे. ती जागा कोरी होती. बाईंना मुलाच्या दम्याची गोष्ट ठाऊकच नव्हती. नवीन बाई, तोंड झाकलेली पन्नास मुलं, दोन वर्षांनी उघडलेली शाळा. त्यांना वाटलं, पोरगं खोडी करतंय.

म्हणजे चूक सगळी आमचीच का? तसं नाही. आजार असो वा नसो, मुलाला चारचौघांत उभं करून लाज आणणं हे बरोबर नव्हे. आणि हे माझं एकटीचं मत नाही, कायदाच तसं सांगतो. २००९ चा मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आहे ना, त्याच्या सतराव्या कलमात मुलाला मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण आमच्या हातात एक साधा उपाय होता, तो आम्ही वापरलाच नव्हता, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊ, दोघीच शाळेत गेलो. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. डॉक्टरांनी आम्हांला चांगलं समजावलं होतं. म्हणाले, "दमा आहे म्हणून मास्क नकोच असं नसतं. दम्याची पुष्कळ मुलं मास्क लावू शकतात. पण धाप लागली की लगेच काढायचा, आणि खेळताना-पळताना लावायचा नाही." तेवढंच त्यांनी लिहून दिलं.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. आम्ही मनात पुष्कळ बोलणी तयार करून गेलो होतो. पण बाईंनी चिठ्ठी वाचली आणि खुर्चीवर खालीच बसल्या. म्हणाल्या, "ताई, मला सांगितलं असतंत तर! माझे सासरे एप्रिलमध्ये गेले. घरी आठ महिन्यांचं बाळ आहे. मूल नाक उघडं ठेवून जवळ आलं की मला भीती वाटते. पण बाहेर उभं केलं ते चुकलं माझं." मग काय बोलणार? जावेच्या डोळ्यांत पाणी, बाईंच्याही. ठरलं असं, की मुलाला खिडकीजवळच्या बाकावर बसवायचं, धाप लागली तर मास्क काढून खिडकीपाशी दोन मिनिटं बसायची मोकळीक, आणि मैदानावर मास्क नाही. मुख्याध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि आमच्यासमोर सही केली. तिसऱ्या दिवशी पोरगं शाळेत गेलं.

आता मुद्द्याचं बोलू. त्या दिवसांत पुष्कळ जणी विचारायच्या, आणि अजूनही विचारतात : "मूल माझं, नाक त्याचं. मग मास्क लावायचा की नाही हे शाळा कोण ठरवणार?" प्रश्न चुकीचा नाही. फक्त उत्तर एका शब्दात येत नाही.

अमेरिकेत याच प्रश्नावर केवढं रण माजलं होतं! तिथल्या फ्लोरिडा राज्यात २०२१ च्या जुलै अखेरीला गव्हर्नरांनी हुकूम काढला, की शाळांनी मास्कची सक्ती करायची नाही, ते पालकांनी ठरवावं. तर तिथल्या काही शाळा मंडळांनी तो हुकूम धुडकावून सक्ती चालूच ठेवली. मग काही पालक एका बाजूनं कोर्टात, तर काही दुसऱ्या बाजूनं. एकाचं म्हणणं, माझ्या मुलावर सक्ती नको. दुसऱ्याचं म्हणणं, माझं मूल आजारी आहे, वर्गातली बाकीची मुलं उघड्या तोंडानं बसली तर त्याला शाळाच बंद. दोघंही पालकच, आणि दोघांच्याही तोंडी हक्काचीच भाषा!

आपल्याकडे मास्कची सक्ती होती ती साथरोगाच्या आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्याखाली. त्यातला साथरोगाचा कायदा फार जुना, १८९७ सालचा. प्लेगच्या साथीत इंग्रजांनी केलेला. त्या साथीत पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, बायाबापड्यांची अब्रू पाहिली नाही, देवघरं पाहिली नाहीत. लोक इतके चिडले, की त्याच वर्षी २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. आणि त्याच प्लेगमध्ये, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. साथ एकच, माणसं त्याच गावची. न विचारता, न सांगता केलेल्या सक्तीनं लोक रोगाइतकेच सरकारलाही भ्यायले. आणि जिनं रोग्याला हात दिला, तिचं नाव आजही आपण आदरानं घेतो.

म्हणून मला वाटतं, २०२१ साली आपल्या हातात जो संमतीचा कागद आला तो लहान नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पणजीला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारलं. आपण मात्र न वाचता सही केली.

त्या कागदानं आईला काय दिलं, आणि काय नाही दिलं? मूल पाठवायचं की नाही, हे तिच्या हातात दिलं. पण शाळेत पाठवायचं आणि मास्क मात्र मनाला येईल तसा, असं नाही दिलं. कारण मग प्रश्न आपल्या एकटीचा राहत नाही. आमच्याच गल्लीतली एक बाई तेव्हा पालकांच्या बैठकीत उभी राहून म्हणाली होती, "माझे सासरे डायलिसिसवर आहेत. तुमच्या लेकरानं मास्क काढला तर तो माझ्या घरचा प्रश्न होतो." सगळे गप्प झाले. चूल आपल्या घरची खरी, पण धूर शेजारणीच्या डोळ्यांत जात असेल तर तिला विचारायलाच हवं, हो की नाही?

सर्वोच्च न्यायालयानंही २ मे २०२२ रोजी लशीच्या खटल्यात असाच मध्यम मार्ग सांगितला. कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, आपल्या शरीरावर आपला हक्क आहे. पण समाजाच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, आणि ती बंधनं वाजवी आहेत की नाहीत हे न्यायालय तपासू शकतं. खटला लशीचा होता, मास्कचा नव्हे. तरी आपल्या घरगुती भाषेत त्यातलं मर्म घ्यायला हरकत नाही : सक्ती करणाऱ्यानं कारण सांगितलं पाहिजे, आणि ज्याच्यावर सक्ती आहे त्याला विचारायची सोय पाहिजे.

आणि विचारण्यासारखं होतंच की पुष्कळ. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ऑगस्ट २०२० मध्ये आणि आपल्या केंद्राच्या आरोग्य खात्यानं जून २०२१ मध्ये सांगितलं होतं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली, झेपेल तसा लावावा. बारा वर्षांवरच्यांनी मोठ्यांसारखा. तरी बालवाडीच्या तीन-तीन वर्षांच्या पिल्लांच्या तोंडावर मास्क बांधून त्यांना फोटोला उभं केलेलं मी पाहिलं आहे. कुणा आईनं विचारलं नाही.

दुसरी गोष्ट पहिलीच्या बाईंनीच मला सांगितली. मूल अक्षर नुसतं कानानं शिकत नाही, बाईंच्या ओठांकडे पाहून शिकतं. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांतला फरक मास्कमागून कसा दाखवायचा? काही शिक्षिका मग लांब फळ्यापाशी उभ्या राहून, खिडक्या सताड उघडून, तेवढ्यापुरता मास्क खाली करीत. हेही बैठकीत बोलता आलं असतं. आम्ही बोललो फक्त गणवेशाच्या रंगावर.

मग २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. त्यानंतर उलटीच गंमत झाली. ज्या डायलिसिसवाल्या घराचं सांगितलं, त्या घरच्या मुलीनं मास्क चालूच ठेवला, तर मुलं तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवू लागली. तिची आई शाळेत गेली आणि म्हणाली, "सक्ती नाही म्हणजे बंदीही नाही ना?" मला ते वाक्य फार आवडलं. पालकाचा हक्क म्हणतात तो हाच. माझ्या मुलाची अडचण सांगायची, दुसरीच्या मुलाची ऐकायची.

आता मास्कची सक्ती नाही. पण साथी काही संपत नाहीत, आणि शाळेचे कागद तर त्याहून संपत नाहीत. सहलीचा कागद येतो, लसीकरणाचा येतो, जंताच्या गोळीचा येतो, ओळखक्रमांकाचा येतो. तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा. फ्रीजच्या दारावर लावून ठेवल्यात तरी चालेल.

एक. शाळेचा कागद आला की पाच मिनिटं गॅस बंद करा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडूनच मोठ्यानं वाचून घ्या. त्याचाही अभ्यास होतो. कोरी जागा कोरी ठेवू नका. आजार, ॲलर्जी, चालू औषध जे असेल ते लिहा. आणि सही केलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

दोन. तक्रार असेल तर पहिल्यांदा वर्गशिक्षिकेला भेटा, मग मुख्याध्यापकांना. तोंडी बोलणं झालं की वहीच्या पानावर का होईना, दोन ओळी लिहून द्या आणि पोहोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर शिक्षणहक्काच्या कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत तिचा निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाची. खासगी विनाअनुदानित शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत, आणि निम्म्या बायका. निम्म्या! कायद्यानं खुर्ची मांडून ठेवली आहे. पण पुष्कळ ठिकाणी नाव बाईचं आणि बैठकीला जातात तिचे यजमान. तुमचं नाव असेल तर तुम्ही जा. नसेल तर जूनमध्ये विचारा, की पालकांची सभा कधी आहे.

आणि घरगुती बाब म्हणून एक. घरात एखादा मास्क असू द्याच. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत, धुरळ्यात, दवाखान्यात जाताना लागतो. कापडी असेल तर जुन्या मऊ सुती कापडाचे तीन पदर घ्या, नाकावर बसेल अशी चुणी घाला. साबणानं गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. मुलाच्या दप्तरात दोन ठेवा, एक लावायला, एक ओला झाला तर बदलायला, आणि वापरलेला ठेवायला वेगळी पिशवी. कोपऱ्यावर रंगीत दोऱ्यानं मुलाचं अक्षर काढा. मुलं गोट्यांसारखी मास्कचीही अदलाबदल करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे!

तुम्ही म्हणाल, त्या जावेचं पुढं काय झालं? पुढच्या जूनमध्ये पालकांच्या सभेत समितीसाठी नावं मागितली, तेव्हा हिनं हात वर केला. सासूबाई अजून अधूनमधून म्हणतात, "पापड टाकून कशाला जातेस मीटिंगला?" ती म्हणते, "आई, एकदा पापडांपायी कागद वाचायचा राहिला होता." मग सासूबाईच पापड वळवायला गच्चीवर जातात.

आणि परवाची शेजारची सून? तिला मी पाटावर बसवलं आणि सगळा कागद मोठ्यानं वाचायला लावला. मधेच थांबून म्हणाली, "काकू, ही माहिती पुढं कुणाला देणार ते यात नीट कळत नाही." मी म्हटलं, "मग उद्या शाळेत जाऊन तेवढंच विचार, आणि मग सही कर." ती कागद घडी घालून ओट्यावरच्या डब्याखाली ठेवून गेली होती. सकाळी आली, घेऊन गेली, आणि शाळेतून परत येताना दारातूनच ओरडून सांगितलं, "विचारलं हो काकू! सर म्हणाले, बसा, सांगतो."

तुमच्या घरी असा एखादा कागद आलेला असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.